नीटचं तिसरं वर्ष: भाच्याला काय सांगू?

तेरणाकाठ | २१ जून २०२५

नमस्कार मंडळी. बहिणीच्या मुलाबद्दल लिहितोय. वय १९. कळंब तालुक्यातलं गाव, साडेचार एकर कोरडवाहू, विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत कसंबसं पुरतं. दहावीला ९४ टक्के पडले आणि त्याच आठवड्यात ठरलं की हा डॉक्टर होणार. कोणी ठरवलं, ते आता घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. भावजींनी, शाळेतल्या सरांनी, की सत्काराला आलेल्या पुढाऱ्यानं भाषणात ‘भावी डॉक्टर’ म्हटलं तेव्हाच? अकरावीला लातूर. खोली, मेस, क्लास. २०२४ ला बारावीसोबत नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, पहिला प्रयत्न, ७२० पैकी ५१२ गुण. मग वर्षभर रिपीटर बॅच, म्हणजे पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचा क्लास. आता १४ जूनला निकाल लागला, ४३१.

घरातल्यांचा हिशेब सरळ आहे. ८१ गुण कमी झाले म्हणजे पोरानं अभ्यास केला नाही, मोबाइल बघत बसला. भावजींनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. आता म्हणतात, "अजून एक वर्ष. जमीन गहाण टाकीन, पण मागं सरणार न्हाई." बहिणीचा फोन येतो, "दादा, तूच काय ते सांग, तुझं ऐकतेत." आमच्याकडं मामाच्या शब्दाला वजन असतं, आणि त्याचीच मला भीती वाटायलीय.

पोराला विचारलं, तुझं काय म्हणणं? तर बापाकडं बघून म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणाल तसं."

लातूर, नांदेड, संभाजीनगरला ज्यांची लेकरं आहेत, ज्यांनी स्वतः हे दिवस काढलेत, त्यांनी मोकळेपणानं लिहावं. तिसरं वर्ष करू द्यावं का?

---

फिजिक्सवाले_सर | २१ जून

तेरणाकाठ, आधी भावजींचा गैरसमज दूर करा, बाकीचं नंतर. मी लातूरला अकरावी-बारावीला शिकवतो. २०२४ आणि २०२५ चे गुण शेजारी ठेवून बघायचेच नसतात. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारी पोरं होती. यंदा देशात पहिला आलेल्याला ६८६ आहेत. पात्रतेची रेषा खुल्या गटासाठी १६२ वरून १४४ वर आली. यंदाचं फिजिक्स इतकं लांबलचक होतं की वर्षभर टेस्टमध्ये सहाशेच्या वर खेळणारी पोरं बाहेर येऊन रडत होती. त्यात करोनानंतर दिलेले ऐच्छिक प्रश्न काढले आणि वीस मिनिटांचा जादा वेळही गेला. १८० प्रश्न, १८० मिनिटं.

म्हणून गुण नका बघू, दोन्ही वर्षांची ऑल इंडिया रँक काढून बघा. माझ्या अंदाजानं त्याची रँक सुधारलेली असणार. पोरगं पुढं गेलेलं असताना घर त्याच्याशी अबोला धरून बसलंय.

---

तेरणाकाठ | २१ जून

सर, आत्ताच बहिणीकडून दोन्ही स्कोअरकार्ड मागवले. रँक खरंच सुधारलीय, आणि चांगली सुधारलीय. हे आम्हाला क्लासवाल्यांनीही सांगितलं नाही हो. त्यांनी फोन केला तो नव्या बॅचची सवलत कधीपर्यंत आहे ते सांगायला.

---

औसा_रोड | २२ जून

माझ्या घरी वरच्या मजल्यावर मुलं राहतात, आधी मुली होत्या. लातुरात उद्योग भवनाच्या बाजूला, ट्यूशन एरियात गेलात तर संध्याकाळी सातला रस्ता पोरापोरींनी भरलेला दिसतो. नांदेड, परभणी, हिंगोली, पार कर्नाटकाच्या हद्दीतली पण लेकरं. पंधरा-सोळा वर्षांची. घरी असती तर त्यांची आई त्यांना अजून ताट वाढून देत असती.

मी काही शिकलेली नाही फार, पण बघून बघून कळतं. टेस्टचे मार्क लेकराच्या आधी बापाच्या मोबाइलवर जातात. रविवारी पेपर, रात्रीपर्यंत मेसेज, आणि मग जिन्यात उभं राहून फोन. "हां पप्पा. हां. पुढच्या टेस्टला करतो." इकडून एवढंच ऐकू येतं. नंतर दार लावून घेतात. काही मुलांचा डबा अजून गावाकडून एसटीनं येतो. स्टँडवर जाऊन घेऊन यायचा. ज्या दिवशी डबा न उघडता तसाच परत ठेवलेला दिसला त्या दिवशी मी काही न विचारता चहा घेऊन वर जाते.

रिपीटरची मुलं वेगळी ओळखू येतात. ती पोळ्याला, दिवाळीला घरी जायचं टाळतात. कारण विचारलं तर अभ्यास म्हणतात. खरं कारण हे की गावात एसटीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत दहा जण विचारतात, "काय मग डॉक्टर, कुठवर आलं?"

तुमचा भाचा मागच्या दिवाळीला घरी आला होता का, तेवढं बहिणीला विचारा.

---

तेरणाकाठ | २२ जून

नाही आला ताई. टेस्ट सिरीज आहे म्हणाला होता.

---

कोरडवाहू | २२ जून

इथं सगळे पोरावरच्या ताणाचं बोलायलेत, बापाचं कोणी बोलना. मी बाप आहे. माझा पोरगा पण रिपीटरला आहे, नांदेडला. अंबड तालुका.

गेल्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. बाजारात किती मिळाला ते इथल्या शेतकऱ्यांना विचारा. चार हजाराच्या आसपास विकून आलो आम्ही. खत, बियाणं, फवारणी, मळणी, हमाली वजा करा आणि सांगा काय उरतं. पोराला शेतात ठेवू? शेती करणाऱ्या पोराला आज पोरगी कोण देतं? आमच्या गावात तिशी ओलांडलेले कितीतरी पोरं बिनलग्नाचे फिरायलेत, चांगले कष्टाळू, निर्व्यसनी. मुलीचा बाप पहिलं विचारतो नोकरी कुठंय, दुसरं विचारतो पुण्यात घर आहे का.

नोकऱ्यांचं म्हणाल तर मराठा आरक्षणासाठी आमच्याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत लोक का बसले होते? हौस म्हणून नाही. एका पिढीनं जमीन वाटून वाटून दीड-दोन एकरावर आणली, आता पुढच्या पिढीला कागदावरची एक जागा पाहिजे. डॉक्टरकी हा एकच रस्ता असा दिसतो जिथं वशिला लागत नाही, पोरानं मार्क आणले की सीट मिळते. म्हणून आम्ही त्यात सगळं घालतो. पाऊस उघडीप देतो म्हणून आम्ही शेत पडीक टाकत नाही, दुबार पेरतो. तसंच हे. नोकरीवाल्यांनी "पोराला त्याच्या मनासारखं करू द्या" म्हणणं सोपं आहे.

---

उदगीरचा_जुना | २३ जून

कोरडवाहू काका, तुमचं म्हणणं पटतं. मी शेतकऱ्याचाच मुलगा. पण दुबार पेरताना आपण बी बदलतो, कमी दिवसांचं वाण घेतो. सोयाबीन मोडून तूर टाकतो. तिबार तेच बी त्याच सरीत कोणी टाकत नाही.

मी तीन वेळा नीट दिली. तिसऱ्या वर्षाबद्दल सांगतो, कारण त्याबद्दल कोणी खरं बोलत नाही. पहिल्या रिपीटमध्ये मी खरंच शिकलो. ऑरगॅनिकची भीती गेली. दुसऱ्या रिपीटला मला सगळं येत होतं आणि काहीच येत नव्हतं. तीच पुस्तकं, त्याच नोट्स, तेच विनोद सर त्याच पानावर सांगायचे. बरोबरीचे मित्र सेकंड इयरला. बॅचमध्ये माझ्या दोन वर्षं मागची पोरं. त्यांच्यात बसून टेस्टला त्यांच्यापेक्षा कमी मार्क पडले की जेवण जायचं नाही. सकाळी अभ्यासिकेत जाऊन बसायचो, रात्री अकराला उठायचो, आणि दिवसभरात काय वाचलं ते आठवायचं नाही. घरी मात्र "बारा तास अभ्यास करायलाय" असं सगळ्यांना सांगितलेलं.

तिसऱ्यांदा माझे मार्क वाढले, पण कटऑफ त्याहून वाढला होता. मग उदगीरच्या पशुवैद्यकीयला लागलो. आज पशुधन विकास अधिकारी आहे, गुरांमध्ये रमलोय. हे महाविद्यालय माझ्या घरापासून तासाभरावर होतं आणि बारावीपर्यंत मला त्याचं नावही कोणी सांगितलं नव्हतं. परभणीलाही आहे. नीटच्याच गुणांवर प्रवेश होतो, फक्त अर्ज वेगळा भरावा लागतो. पोरं तो भरतच नाहीत, कारण अर्ज भरणं म्हणजे हार मानणं असं घरात धरून चालतात.

तेरणाकाठ, भाच्यानं एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दिली होती का? पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप? बी. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्री त्यावर होतं. नुसत्या नीटच्या नादात तिचे फॉर्म भरायचे राहतात आणि जूनमध्ये कळतं की दारं आधीच बंद झालीत.

---

फिजिक्सवाले_सर | २३ जून

उदगीरचा_जुना यांनी लिहिलंय ते मी रोज वर्गात बघतो, म्हणून थोडं सविस्तर.

लातूरच्या अभ्यासाला लोक लातूर पॅटर्न म्हणतात, पण तो म्हणजे आजचे क्लास नव्हेत. राजर्षी शाहू आणि दयानंदसारख्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी बोर्डाच्या परीक्षेसाठी बसवलेली ती शिस्त होती. जादा तास, पुन्हा पुन्हा सराव, वेळ लावून पेपर, आणि प्रत्येक पोराचा पेपर समोर बसवून तपासणं. शिक्षक पोराला नावानं ओळखायचा. पुणे-मुंबईचीच पोरं गुणवत्ता यादीत येतात या समजाला त्यातून धक्का बसला. मागास म्हणून हिणवलेल्या भागातल्या लेकरांना आपणही करू शकतो असं वाटलं. त्याचा मला आजही अभिमान आहे.

मग नीट आली. २०१६-१७ पासून ती देशभर लागू झाली, आणि पोरं कॉलेजातून क्लासकडं वळली. कॉलेज हजेरीपुरतं राहिलं. क्लासमध्ये शंभर-दीडशेची बॅच, टेस्टच्या मार्कांवरून दर काही आठवड्यांनी बॅच बदलणार. वरच्या बॅचला चांगले शिक्षक, खालच्या बॅचला नवे. खाली ढकललेलं पोरगं त्या दिवशीपासून अभ्यास सोडतं, हे मी नेमानं पाहिलंय. चौकातल्या फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो असतात. उरलेली पोरं त्याच चौकातून रोज जातात.

आणखी एक, आपल्या लोकांच्या मनात अजून ७०:३० चं गणित आहे. विभागातल्या कॉलेजांतल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजंच कमी, त्यामुळं आपलीच पोरं मार खायची. ते सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. त्यानंतर आपल्याकडं धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथंही शासकीय कॉलेजं सुरू झाली. जागा वाढल्या हे खरं. पण देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आणि नीटला बसतात वीस लाखांहून जास्त. हे त्रैराशिक कोणत्याही पालक सभेत फळ्यावर मांडलं जात नाही.

तिसरं वर्ष कुणी करावं? ज्याचा एकच विषय कच्चा आहे, ज्याच्या रँक आणि सीटमधलं अंतर थोडं आहे, आणि ज्याला स्वतःला करायचंय. तिन्ही पाहिजेत. दोनावर भागत नाही.

---

परभणीची_लेक | २४ जून

तिसऱ्या वर्षाची चर्चा वाचून माझ्या मुलीनं विचारलं, "आई, मुलींना तिसरं वर्ष देतात का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या माहितीत मुलीला रिपीट मिळतो तो एकदाच, आणि तोही घरात भांडून. त्या वर्षात स्थळं येत राहतात. आत्या येते, म्हणते, "अजून किती शिकवताव? शेवटी चुलीपुढंच..." मार्क कमी पडले तर त्याच महिन्यात बघायचा कार्यक्रम. मुलगा नापास झाला तर त्याला खर्च लागतो, मुलगी नापास झाली तर तिला नवरा शोधतात. मुलींना हे माहीत असतं. त्यामुळं त्या नुसती परीक्षा देत नाहीत, लग्न पुढं ढकलायची परवानगी मिळवत असतात. वर्गातली सगळ्यात जास्त अभ्यास करणारी मुलगी कोण असते आणि का असते, याचा विचार केलाय कुणी?

सोयी नाहीत असं नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. जुलै २०२४ मध्ये शासनानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. पण त्या फीपर्यंत पोचायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचा खर्च, खोली, क्लास, ते सगळं बापाच्या खिशातून आणि बापाच्या मर्जीतून.

---

झेडपी_गुरुजी | २५ जून

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडीवर शिकवतो. धागा मन लावून वाचला. तुमच्या लेकरांचं दुःख खोटं नाही, पण माझ्या लेकरांचं इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडं दसऱ्यानंतर गाव रिकामं व्हायला लागतं. ट्रॅक्टर, ट्रक येतात. भांडीकुंडी, कोंबड्या, शेळ्या घेऊन, म्हातारी माणसं तेवढी मागं सोडून सगळं घर ऊस तोडायला साखर कारखान्याला जातं. सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटक. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायची. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. यावरून आमच्याकडं लग्न का लवकर होतात ते समजून घ्या. पोरगं अठरा-एकोणीसचं झालं की त्याला जोडी पाहिजे, म्हणजे घराला अजून एक उचल मिळते. आणि पोरीच्या आईबापाला सहा महिने बाहेर राहायचं असतं. वयात आलेली मुलगी उसाच्या फडावर न्यावी तर तिथं पाचटाच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, आणि घरी ठेवावी तर सांभाळणार कोण? मग जाण्याआधी, तिथीमितीला, घरच्या घरी उरकून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, बीडमध्ये लग्नं अठराच्या आत झालेल्या तरुण बायकांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. राज्याचं बावीसच्या आसपास. ही माणसं निर्दयी नाहीत. लेकीची काळजी म्हणूनच हे करतात, आणि त्यामुळंच बोलणं फार अवघड जातं.

हंगामी वसतिगृहं आहेत, मुलांना गावातच ठेवून जेवणाची सोय होते. आता संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड मजुरांच्या लेकरांची शासकीय वसतिगृहंही निघालीत. जिथं ती नीट चालतात तिथं वर्ग भरलेला राहतो. जिथं उशिरा सुरू होतात तिथं लेकरू तोवर फडावर पोचलेलं असतं, आणि मार्चमध्ये परत येतं तेव्हा त्याला अर्धं विसरलेलं असतं. वर्गात मागं बसतं. त्याला कोणी काही म्हणत नाही, पण तेच म्हणतं, "गुरुजी, मला न्हाई येत." सातवी-आठवीला शाळा संपते, पुढची शाळा पाच-सात किलोमीटरवर, आणि तिथंच पोरींची गळती.

कायदा म्हणाल तर आहे. २००६ चा. खेडेगावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या चाइल्डलाइनला फोन केला तर नाव न सांगता कळवता येतं. आम्ही कळवलंय आणि लग्नं थांबलीत. पण थांबलेल्या लग्नानंतर त्या मुलीचं पुढं काय, ती शाळेत परत येते का, तिच्या घरचे आमच्याशी बोलतात का, ते खरं काम असतं. दुसऱ्या तालुक्यात नेऊन लावून दिल्याचीही उदाहरणं आहेत.

यंदा माझी एक जुनी विद्यार्थिनी दहावीला ८८ टक्के घेऊन पास झालीय. आईबाप कोयत्यावर. तिला सायन्स करायचंय. घरात स्थळाची बोलणी चालू आहेत. तिच्यासाठी मी काय करू शकतो, हे मला इथल्या शहरातल्या मंडळींना विचारायचंय.

---

कोरडवाहू | २५ जून

गुरुजी, वाचून बराच वेळ फोन हातातच राहिला. माझी बहीण सोळाव्या वर्षी दिली होती आबांनी. त्या पोरीला शिकवा. मी पाच हजार देतो, आत्ता तेवढेच आहेत.

---

ऐकणारी | २६ जून

संभाजीनगरला समुपदेशक आहे. बारावी, नीट-जेईई आणि स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. तेरणाकाठ, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. भाचा बापाकडं बघून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाला. बापासमोर विचारलेल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर येतच नाही. त्याला एकट्याला घेऊन कुठंतरी जा. गाडीवर, शेतात, तुमच्या कामाच्या ठिकाणी. समोरासमोर बसवू नका, शेजारी असलेलं बरं. करिअरवरून सुरुवात करू नका. झोप लागते का, सकाळी उठल्यावर कसं वाटतं, खोलीत कोणाशी बोलायचास, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मामा लोकांना हेच जमत नाही.

काही गोष्टी मात्र थेट विचारा. जगणं नकोसं वाटतं का, असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार येतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्यानं त्याचा भार हलका होतो. झोप-जेवण बिघडलं असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, "माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं" असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर त्याच्या वहीत आणि बहिणीच्या भिंतीवर, दोन्हीकडं लिहून ठेवा.

वर्ष करायचं ठरलं तर तीन गोष्टी आधी, फी भरण्यापूर्वी, सगळ्यांच्या समोर ठरवा. कुठं थांबायचं. थांबल्यावर काय करायचं. आणि निकालानंतर घरातून एक शब्दही खर्चाचा निघणार नाही. मुलं परीक्षेला तेवढी घाबरत नाहीत, घरी परत येण्याला घाबरतात.

आणि सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना कोचिंगला घेऊ नये, मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत द्यावी, अशा केंद्राच्या सूचना जानेवारी २०२४ पासून आहेत. पालकांनी त्या मागितल्या पाहिजेत. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

---

अभ्यासिका_३रा_मजला | २६ जून

नीट संपली तरी हे संपत नाही हो. मी २९ वर्षांचा आहे, एमपीएससी करतो, आधी पुण्यात होतो, आता संभाजीनगरला औरंगपुऱ्याजवळ. जाहिरात लांबते, परीक्षा पुढं जाते, निकाल कोर्टात अडकतो, मग वयाची मर्यादा. घरी लहान भावाचं लग्न ठरलं तर आई म्हणाली, "तू मोठा, तुझं आधी व्हायला पाहिजे होतं." मी लग्नाला सकाळी गेलो आणि जेवणाआधी निघालो. थांबायचं कुठं हे मला बावीसाव्या वर्षी कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. तेवढंच सांगायचं होतं.

---

ऐकणारी | २६ जून

अभ्यासिका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जरूर बघा.

---

तेरणाकाठ | ६ जुलै

सगळ्यांचे आभार. भाच्याला इकडं धाराशिवला आणून ठेवलं आहे. कामाच्या निमित्तानं येडशीकडं जायचं होतं, त्याला गाडीवर मागं बसवून नेलं. ऐकणारी ताईंनी सांगितलं तसं गप्प राहिलो. बराच वेळ काही बोलला नाही. मग घाटात म्हणाला, "मामा, मला पुन्हा त्या खोलीत जायचं न्हाई."

झोप लागत नव्हती. डिसेंबरपासून. टेस्टला खालच्या बॅचमध्ये टाकलं तेव्हा घरी सांगितलं नव्हतं. ताईंनी सांगितलेला तो थेट प्रश्नही विचारला. "तसं न्हाई, पण कुठं तरी निघून जावं वाटायचं," म्हणाला. इथल्या डॉक्टरांना दाखवलंय, पुन्हा बोलावलंय. आता थोडा झोपतोय.

आणि एक. सीईटीचा फॉर्म त्यानं स्वतःच भरला होता, मेसच्या पैशातून, कुणालाही न सांगता. पर्सेंटाइल चांगले आहेत. गुरांच्या डॉक्टरकीचं सांगितलं तर म्हणाला, "मामा, आपल्या गायीला वासरू आडवं आलं होतं तेव्हा मीच होतो जवळ." मला आठवलं, खरंच होता, सातवीत असेल.

भावजी अजून तयार नाहीत. रँकचा कागद दाखवल्यावर बोलायला मात्र लागलेत पोराशी. म्हणतात, "ढोरांचा डॉक्टर झाला म्हणून भावकीत काय सांगू?"

---

उदगीरचा_जुना | ६ जुलै

भावजींना माझा नंबर द्या, व्यनि करतो. गुरांवर लम्पीची साथ आली तेव्हा कोणत्या भावकीतलं माणूस रात्री दोनला कुणाच्या दारात उभं होतं ते मी सांगतो त्यांना. पण एक विनंती. हाही निर्णय त्याच्यावर आपण टाकू नका. आमच्या कॉलेजला आणून दाखवा, दिवसभर फिरू द्या. ॲग्री बघायचं असेल तर परभणीचं कृषी विद्यापीठ दाखवा. मग तो म्हणेल ते.

---

कोरडवाहू | ८ जुलै

तेरणाकाठ, माझ्या पोराला मी परवा फोन केला. मार्क विचारले नाहीत. जेवलास का विचारलं तर तो म्हणाला, "पप्पा, काय झालं? घरी सगळं बरंय ना?"

आम्ही ठरवलंय. हे वर्ष त्याला करायचंच आहे, त्याचं स्वतःचं म्हणणं आहे, मी खोदून विचारलं. २०२६ ला शेवटचं. सोबत सीईटी देणार, पशुवैद्यकीयचा अर्ज भरणार. वहीच्या पहिल्या पानावर दोघांच्या सह्या केल्यात. जमिनीला हात लावणार नाही.

---

ऐकणारी | २८ जुलै

धागा वर आणते. २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी सूचना दिल्यात, कोचिंगलाही लागू. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून बॅच वेगळ्या पाडू नयेत, चारचौघांत लाजवू नये. लातूर-नांदेडच्या पालकांनी ही बातमी छापून क्लासच्या ऑफिसात घेऊन जावी आणि समुपदेशकाचं नाव विचारावं. दहा पालक एकत्र गेले तर उत्तर द्यावंच लागेल.

---

फिजिक्सवाले_सर | २८ जुलै

मी आमच्याकडं विषय काढला. "बघू" म्हणाले. पालक आले तर माझं काम सोपं होईल, खरंच या.

---

झेडपी_गुरुजी | २९ जुलै

माझ्या त्या विद्यार्थिनीचं कळवायचं राहिलं. यंदा अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. तिच्या घरी स्मार्टफोन नाही, नेट कॅफेत बसून मी फॉर्म भरला, दहा पसंतीक्रम दिले. लातूरला सायन्स लागलं. वडील "एक वर्ष बघू" इथपर्यंत आलेत, स्थळ थांबलंय. पण वसतिगृहाची यादी अजून लागलेली नाही आणि तोवर राहायचं कुठं हा प्रश्न आहे. दसऱ्याच्या आत तिची सोय झाली नाही तर ते तिला सोबत नेतील, आणि मग मला काही करता येणार नाही.

---

औसा_रोड | २९ जुलै

गुरुजी, खालची खोली रिकामी आहे, माझ्या स्वयंपाकघराला लागून. वसतिगृह मिळेपर्यंत राहू द्या, भाडं नको, जेवण आमच्यासोबत. आईला एकदा सोबत आणा, तिनं खोली आणि मी कोण ते बघितलेलं बरं. येताना शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार आणि तिच्या नावाचं बँकेचं पुस्तक आणा, वसतिगृहाच्या अर्जाला लागेल, मी सोबत येते. रविवारी दुपारची एसटी धरली तर उजेडात पोचाल. पत्ता व्यनि केलाय.

---

कोरडवाहू | २९ जुलै

गुरुजी, ते पाच हजार कोणत्या खात्यावर टाकू?